गल्ली का दिल्ली? दहा वर्षं नगरसेविका होते, त्यावरून सांगते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहता, वय ३१, तालमीचं (म्हणजे गल्लीतल्या मंडळाचं) काम बघता, पुराच्या वेळी पोरं घेऊन मदतीला फिरलात, आणि आता चार लोक म्हणायला लागलेत की पुढच्या वेळी उभा रहा. अडचण अशी की तुमच्या भागातला एक जण पेठेचा कायापालट करतो म्हणून निवडून आला आणि नंतर पाच वर्षं मोबाईलवर देशाच्याच प्रश्नांवर बोलत बसला, आणि त्याच्या आधीचा जो होता तो गटार आणि लाईट सोडून कशावर तोंडच उघडत नव्हता, मग स्थानिक माणसानं लक्ष द्यायचं कुठं? दोन्ही जमतं का? आणि जाता जाता एक ओळ टाकलीय, प्रभागातली आपली जागा महिलांना राखीव झाली तर बायकोला उभं करू का. त्या ओळीवर शेवटी येते, विसरलेले नाही.

मी २००५ ते २०१५ अशी सलग दोन टर्म कोल्हापूर महापालिकेत होते. वॉर्ड जुन्या गावठाणातला. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की तुम्ही लगेच पक्ष ओळखणार आणि मग पुढचं उत्तर कोण वाचतंय. मला विचाराल तर तुमच्या त्या दोघांची चूक एकच आहे. पहिल्यानं देशाचा प्रश्न आपल्या गल्लीत नेमका कुठून शिरतो ते कधी शोधलं नाही आणि दुसऱ्यानं आपलं गटार वरच्या कुठल्या निर्णयामुळं तुंबलंय ते कधी बघितलं नाही. दोघंही अर्धंच काम करत होते, फक्त अर्धं वेगवेगळं.

आता यातलं बरंचसं परिस्थितीवर आहे हे आधीच सांगते, नाहीतर माझं ऐकून उद्या तोंडघशी पडाल. माझ्या वेळी एक वॉर्ड एक नगरसेवक होता, गटार तुंबलं की लोक सरळ माझ्या दारात. आता एका प्रभागात चार-चार सदस्य, म्हणजे चांगलं झालं की चौघांचे फ्लेक्स आणि वाईट झालं की चौघं एकमेकांकडं बोट करणार. त्यात २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि पुढं कितीतरी वर्षं प्रशासकच होता, त्यामुळं लोकांना नगरसेवकाशिवाय जगायची सवय लागलीय, ही गोष्ट तुम्ही धरून चाला. पेठेतला वॉर्ड आणि उपनगरातला वॉर्ड यात पण जमीन अस्मानाचा फरक. उपनगरात रस्ता नसतो म्हणून भांडण, पेठेत रस्ता आहे पण त्याच्या दोन्ही बाजूला पडका वाडा, वाड्याला सात वारस, त्यात एक पुण्यात, एक दुबईत, खाली जुना भाडेकरू. आणि शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाली तेव्हा ६६.८२ चौरस किलोमीटर होती, तेवढीच आजही आहे, हद्दवाढीवर नुसत्या बैठका. २०१७ ला हद्दवाढीऐवजी भोवतालच्या ४२ गावांचं वेगळं विकास प्राधिकरण दिलं. म्हणजे पसरायला जागा नाही, जे काय नवं करायचं ते जुन्याच्या आतच. म्हणून आपल्याकडं विकास म्हणजे बहुतेक वेळा दुरुस्ती असते हे लक्षात ठेवा.

एक किस्सा सांगते, त्यातून बरंच कळंल. माझ्या वॉर्डात भाजी मंडई होती, आत ओटे, बाहेर रस्त्यावर साठ-सत्तर बायका पाटी घेऊन बसायच्या. पहिल्या टर्मला मी लई उत्साहात, म्हटलं मंडई नवी करायची. इस्टिमेट झालं, टेंडर झालं, नारळ फुटला, फोटो आले. नवे ओटे झाले, फरशी बसवली, छत झालं. आणि महिनाभरात बघते तर बायका परत रस्त्यावर, ओट्यावर नुसती रिकामी पोती आणि वजनकाटे. मला राग आला, एवढं करून यांना किंमत नाही असं वाटलं. मग एका म्हातारीनं मला खाली बसवलं आणि म्हणाली, "आक्का, ह्या ओट्यावर चढून दाखवा बघू." ओटा कमरेएवढा. मांडी घालून दिवसभर बसणारी साठीतली बाई त्यावर चढणार कशी आणि खाली गिऱ्हाईकाच्या पिशवीत माल टाकणार कशी? शिवाय पाण्याचा उतार आतल्या बाजूला, म्हणजे पालेभाजीवर मारलेलं पाणी त्यांच्याच पायाखाली साचणार. ड्रॉइंग कुठून तरी आलं होतं, मी सही केली होती, एकाही बाईला विचारलं नव्हतं. चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

दुसऱ्या टर्मला तेच काम परत काढलं, या वेळी आधी सकाळी सहाला खडू घेऊन गेले, ज्युनियर इंजिनिअरला बरोबर घेतलं आणि फरशीवर रेघा मारल्या, हितं तू बसतीस का, पाटी किती लांब लागते, मागनं हातगाडी जाईल का. दोन तासात जे कळलं ते सहा महिन्याच्या बैठकीत कळलं नव्हतं. माझ्यावर वरून दबाव होता की दोन मजली करा, वर गाळे काढा, गाळ्यांचं भाडं येईल. बायकांनी एका वाक्यात उडवलं, कोथिंबीर घ्यायला माळ्यावर कोण येतंय. आणि खरंच आहे, तुम्ही महाराष्ट्रात कुठल्याही गावात जाऊन दोन मजली मंडई बघा, वरचा मजला बहुतेक बंदच असतोय.

तुम्ही म्हणाल यात देश कुठं आला. तर माझ्या टर्मच्या शेवटी, २०१४ ला, संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. तोवर रस्त्यावरची बाई म्हणजे अतिक्रमण, गाडी आली की पाटी उचलून पळायचं. कायद्यानं सांगितलं की आधी सर्व्हे करा, सर्व्हे व्हायच्या आत कुणाला उठवू नका, शहरात विक्रेत्यांची समिती करा, त्यात किमान ४० टक्के माणसं विक्रेत्यांनी निवडून दिलेली असतील आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. दिल्लीत कायदा पास झाला त्या दिवशी आमच्या मंडईत कुणालाच पत्ता नव्हता. मी त्या कायद्याची मराठी प्रत झेरॉक्स करून वाटली, एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या म्हातारीच्या पाटीखाली ठेवली, तिला वाचता येत नव्हतं पण गाडी आली की ती ते काढून समोर धरायची. पुढं २०२० ला पथविक्रेत्यांना कर्ज देणारी स्वनिधी योजना आली, सुरवातीला १०,००० रुपयांचं कर्ज, तेव्हा ज्यांची नावं सर्व्हेच्या यादीत होती त्यांचं काम पटकन झालं, ज्यांची नव्हती त्या कागदं गोळा करत फिरल्या. म्हणजे त्या वेळी दिल्लीवर भाषण ठोकायची गरज नव्हती, यादीत नाव घालायला लावायची गरज होती आणि ते काम फक्त वॉर्डातलाच माणूस करू शकतो.

आता पैशाचं सांगते, हे कुणी सांगत नाही. वरून जो पैसा येतो, खासदार निधी (वर्षाला ५ कोटी, आख्ख्या मतदारसंघाला), आमदार निधी, जिल्हा नियोजन, अमृत, नगरोत्थान असल्या सरकारी योजना, तो जवळजवळ सगळा बांधायला येतो. सांभाळायला येत नाही. बाग बांधायला कोटी मिळतील, त्या बागेच्या माळ्याचा पगार, पंपाचं लाईट बिल, झोपाळ्याची कडी तुटली तर नवी कडी, हे सगळं महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. आणि स्वतःचं उत्पन्न म्हणजे काय, तर घरफाळा, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बांधकाम परवान्याची फी. पूर्वी जकात होती, ती शहराची दुभती म्हैस होती, नाक्यावर ट्रक थांबला की पैसा. लोकांना त्रास होता, भ्रष्टाचार होता, सगळं मान्य, पण पैसा आपला होता. मग जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१५ च्या ऑगस्टात एलबीटी बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, आणि आता त्याच्या बदल्यात राज्याकडून दर महिन्याला अनुदान येतं. पगार त्याच्यावर. म्हणजे जीएसटी चांगला का वाईट यावर तुम्ही टीव्हीसमोर काय वाट्टंल ते बोला, तुमच्या गल्लीतला बल्ब बदलायला किती दिवस लागतात ते त्या एका निर्णयानं ठरतंय. माझ्या कळपातला एकही नगरसेवक तेव्हा हे बोलला नाही. मी पण नाही बोलले, मला तेव्हा कळलंच नव्हतं, मी आपली जकात गेली म्हणून व्यापाऱ्यांबरोबर पेढे खाल्ले.

माझी पण एक बाग आहे बरं का. २००७ च्या आसपास केली, कारंजं, लॉन, आजी-आजोबांसाठी बाक. उद्घाटनाला बँडबाजा. दोन वर्षात कारंज्यात डास, लॉनच्या जागी गाजर गवत, पंप गेलेला. मी ओरडायला गेले तर अधिकाऱ्यानं बजेटचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, मॅडम यात बागेच्या देखभालीचं हेड कुठाय ते दाखवा. हेड म्हणजे त्या खर्चासाठी ठेवलेली रक्कम, ती नव्हतीच. मी मागितलीच नव्हती. तेव्हापासून मी एक नियम केला, कुठलंही नवं काम घ्यायच्या आधी एका कागदावर लिहायचं की हे झाल्यावर याला दरवर्षी किती लागणार आणि ते कुठल्या हेडमधनं येणार. उत्तर नसेल तर काम घ्यायचं नाही. यानं माझी बरीच उद्घाटनं कमी झाली, कार्यकर्ते चिडले, पण दुसऱ्या टर्मला मी जे केलं ते अजून उभं आहे. ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती ते पण वर्कऑर्डरवर बघत चला, रस्ता त्या मुदतीत उखडला तर तो त्यानंच फुकट करून द्यायचा असतो, नव्वद टक्के लोकांना हे माहीत नसतं म्हणून परत नवीन टेंडर निघतं. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, कुठं मोजलेलं नाही.)

आता टोलचं. तुम्ही तेव्हा शाळा-कॉलेजात असाल पण आठवत असंल. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, खासगी कंपनी रस्ते करणार आणि त्या बदल्यात ३० वर्षं टोल घेणार. तेव्हा देशभर हेच वारं होतं, सरकारकडं पैसा नाही, बांधा वापरा हस्तांतरित करा. कागदावर रस्ते फुकट मिळत होते म्हणून आम्ही बरेच जण खूश, मी पण खूश, आणि करार मी पूर्ण वाचला नव्हता हे मी आज कबूल करते. जाड फाईल होती, इंग्रजीत होती, मला वाटलं वकिलांनी बघितलंय. मग २०१३ ला नाके सुरू झाले आणि लोकांना कळलं की आपल्याच गावात शिरायला पैसे द्यायचे. पुढचं माहीतच आहे, एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर, गोविंदराव पानसरे आण्णा, कृती समिती, मोर्चे, २०१४ च्या जानेवारीत नाके जळले, आणि शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला, कंपनीचे पैसे भागवावे लागले. मी त्या मोर्चात चालले. चालताना एक बाई मला म्हणाली, "तुम्ही आत होता तेव्हा काय करत होता?" मला उत्तर नव्हतं.

ते वाक्य मी विसरत नाही. एन. डी. सर आणि पानसरे आण्णा खासगीकरणावर कित्येक वर्षं बोलत होते, आम्हाला ती मोठ्या माणसांची मोठी भाषणं वाटायची. आणि तेच खासगीकरण आमच्या सभागृहात आलं तेव्हा भाषण म्हणून आलं नाही, विषयपत्रिकेवर एक नंबर घेऊन आलं. विषय क्रमांक अमुक, मंजूर? मंजूर, मंजूर, बाकं वाजली, पुढचा विषय. देशाचा प्रश्न गल्लीत येतो तो असा येतो. म्हणून माझं तुम्हाला जे काय एक सांगणं आहे ते हे, सभागृहात गेलात तर विषयपत्रिका आधी घरी आणून वाचा, आणि बाहेर असाल तरी मागून वाचा. तुमचा तो पोस्टी टाकणारा जर देशाबद्दल एवढा तळमळीचा असेल तर त्याला विचारा, त्या विषयाचा इथला नंबर कुठला होता आणि तेव्हा तू काय बोललास.

इथवरचं थोडक्यात, कारण मी लई लांबवलंय: कायदा येतो तो यादीत येतो, कर येतो तो बजेटच्या हेडमध्ये येतो, धोरण येतं ते विषयपत्रिकेवर येतं. हे तिन्ही कागद स्थानिक माणसाच्या हातातले आहेत.

पुराकडं येते, कारण तुम्ही त्यात काम केलंय. आपल्याकडं पाऊस लागला की पहिला प्रश्न, पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, शिवाजी पुलावर मच्छिंद्री झाली का (पाणी पुलाच्या जुन्या खुणेपर्यंत चढलं का) बघायला अर्धं गाव जातं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. आणि दरवेळी तोच वाद, अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडं पाणी तुंबतं का. कर्नाटकला धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे, आपला विरोध आहे, हा दोन राज्यांचा, लवादाचा, सुप्रीम कोर्टाचा विषय, म्हणजे शुद्ध राष्ट्रीय. यावर नगरसेवकानं बोलू नये का? बोलावं, ठराव करावा, मोर्चात जावं. पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीनं २०२० ला अहवाल दिला त्यात अलमट्टीपेक्षा प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रात माणसानं केलेले अडथळे यावर जास्त बोट होतं, इथल्या बऱ्याच जाणत्या लोकांना ते पटलेलं नाही, तो वाद चालू राहू दे. पण जो माणूस सकाळी अलमट्टीवर भाषण करतो आणि दुपारी निळ्या रेषेच्या आतल्या प्लॉटला भराव टाकायला परवानगी मिळावी म्हणून फोन करतो, त्याचं मी काय ऐकू? निळी रेषा म्हणजे २५ वर्षात एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षात एकदा येणाऱ्या पुराची. आपल्याला दोन वर्षात दोनदा आला. मला पण असे फोन करायला सांगणारे आले होते, आपलेच कार्यकर्ते, गुंठा-दोन गुंठ्याचा विषय, भावनिक विषय. एकदा मी केला फोन. सांगितलं पाहिजे म्हणून सांगते. २०१९ ला त्या घरात पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पाणी होतं आणि त्याच माणसाला मी बोटीतनं बाहेर काढायला गेले.

आणि पुरात सगळ्यात आधी जातं ते प्यायचं पाणी, कारण नदीकाठचे उपसा पंपच बुडतात. चहूकडं पाणी आणि टँकरच्या मागं रांग. काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनवर किती वर्षं निवडणुका लढल्या गेल्या ते मोजू नका, मंजुरी २०१३ ची, पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत. दहा वर्षात केंद्रात आणि राज्यात सत्ता फिरली, महापालिकेत प्रशासक आला. मोठं काम कुठल्याच एका पुढाऱ्याचं नसतं आणि एका टर्ममध्ये तर मुळीच होत नाही, त्यामुळं जाहीरनाम्यात काय लिहिताय ते जपून लिहा.

चपलेचं उदाहरण तुमच्या त्या पोस्टवाल्यासाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा आपल्याकडं एकही पुढारी राहिला नाही ज्यानं पोस्ट टाकली नाही. अस्मिता, वारसा, जीआय (भौगोलिक मानांकन). जीआय २०१९ ला मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, हे पण बऱ्याच जणांना त्या दिवशीच कळलं. मी एका ओळखीच्या कारागिराकडं गेले तर तो म्हणाला, ताई पोस्टी बघितल्या, बरं वाटलं, आता कातड्याचं बघा. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर कातडं मिळायला अडचण येते असं कारागीर सांगतात, त्यात करानं भर घातली, हजाराच्या आतल्या चपलेवर ५ टक्के जीएसटी होता तो २०२२ ला १२ झाला, मग २०२५ च्या सप्टेंबरात अडीच हजारांपर्यंत परत ५ वर आला. आता हे बदलणं नगरसेवकाच्या हातात नाही. पण दहा कारागिरांची बिलं गोळा करून एका पानाची नोट खासदारांच्या ऑफिसला देणं हातात आहे. मी असं दुसऱ्या एका विषयात केलं होतं, खासदारांनी लोकसभेत अतारांकित प्रश्न टाकला, लेखी उत्तर आलं, त्या उत्तराचा कागद घेऊन मी इथल्या ऑफिसात गेले तर जो साहेब मला बसा म्हणत नव्हता त्यानं चहा मागवला. पोस्टला कधी चहा मिळालाय का?

देशाच्या प्रश्नांची दुसरी एक जात असते, ती विषयपत्रिकेवर येत नाही, व्हॉट्सॲपवर येते. २०२३ च्या जूनमध्ये स्टेटसवरून शहरात जे झालं ते तुम्ही बघितलंय, दगडफेक, इंटरनेट बंद. शाहूंचं कोल्हापूर म्हणत म्हणत आम्ही बघत राहिलो. मी तेव्हा काही पदावर नव्हते, तरी फोन लावत बसले होते, दोन्हीकडच्या वयस्क माणसांना, पोरांना घरात घ्या म्हणून. अशा वेळी तालमीच्या माणसाची किंमत कळते. आपल्याकडं गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच छपराखाली बसणाऱ्या तालमी आहेत, त्या तालमीचा शब्द गल्लीतली पोरं ऐकतात, माझ्यासारखीचा ऐकतीलच असं नाही. तुम्ही त्या कट्ट्यावरचे आहात. हे तुमचं भांडवल आहे, आणि एका भडक पोस्टमध्ये ते एका रात्रीत संपतं.

शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडं भाषण सुरू होत नाही म्हणून मुद्दाम टाळत होते, पण आता घेतलंच तर हे पण बघा, १८९५ ला शाहूपुरी पेठ वसवणारे आणि १९०२ ला मागासांना ५० टक्के जागा राखणारे एकच होते. त्यांना कुणी विचारलं नाही की पेठ बघू का देश बघू.

मग तुम्ही आता काय करायचं? माझं म्हणणं, निवडणूक बाजूला ठेवा, आधी वर्षभर हे करून बघा. महापालिकेच्या बजेटचं पुस्तक मिळवा आणि आपल्या भागाची कामं पेन्सिलीनं खुणा करून काढा, किती मंजूर, किती सुरू, किती नुसतीच दरवर्षी पुढं ढकललेली. आठवड्यातनं एकदा पहाटे आरोग्य खात्याच्या मुकादमाबरोबर फिरा, झाडू कामगार किती हजर, टिपर किती वाजता येतो, गटारातनं काढलेला गाळ किती दिवस तिथंच पडतो. पवडी विभाग, ड्रेनेज, पाणीपुरवठा, इस्टेट, कुठलं काम कुणाकडं हे तोंडपाठ झालं पाहिजे, नाहीतर लोक तुम्हाला फोन करणार आणि तुम्ही चुकीच्या साहेबाला. एक वही ठेवा, तक्रार कुणाची, कधी, कुणाला सांगितली, काय झालं. माझ्या अशा अकरा वह्या आहेत, दुसऱ्या निवडणुकीत मी भाषण कमी आणि वह्याच जास्त दाखवल्या. आणि देशाचा एकच विषय निवडा जो तुमच्या पेठेत रोज दिसतो, सगळे नको. तुमच्या जागी मी असते तर जुन्या वाड्यांचा घेतला असता, २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली, भाडेकरू कायदा, वारसांची संमती, कारण पेठेतलं निम्मं दुःख त्यात आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही. अंबाबाईच्या परिसराला मोठा आराखडा मंजूर झालाय, २०२५ च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर बसलंय, सहा जिल्ह्यांची माणसं तिथं येणार, म्हणजे जुन्या शहरात जागेचे भाव, भाडी, पार्किंग सगळं हलणार, आणि त्यात पहिल्यांदा उठणार तो जुना भाडेकरू आणि रस्त्यावरची पाटीवाली. त्यांचा कागद आत्ताच नीट करून ठेवा.

खर्चाचं, पक्षाचं, तिकिटाचं तुम्ही विचारलेलं नाही म्हणून सांगत नाही, त्याला वेगळं उत्तर लागेल आणि ते मी इथं लिहीन असं नाही.

आता ती ओळ. प्रभागातली जागा राखीव झाली तर बायकोला उभं करू का. भावा, मी अशीच उभी राहिलेली आहे. २००५ ला आमचा वॉर्ड महिला राखीव झाला, मिस्टरांची सगळी तयारी वाया गेली, म्हणून मी. पहिली तीन-चार वर्षं मी फक्त सही करत होते, फोन त्यांच्याकडं, बैठकीला ते, लोक मला वहिनी म्हणायचे आणि त्यांना नगरसेवक. ती बाग त्याच काळातली. बजेटचं पुस्तक त्या अधिकाऱ्यानं माझ्यापुढं ठेवलं तो दिवस माझा पहिला दिवस, असं मी धरते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ ला राज्यानं त्या निम्म्या केल्या, २०२३ ला संसदेत पण महिला आरक्षणाचा कायदा झाला. देशाचा प्रश्न, देशाचा प्रश्न म्हणताय ना, हा तर तुमच्या स्वयंपाकघरात उभा आहे.

तुमच्या आख्ख्या प्रश्नात तिला काय वाटतं याबद्दल एक शब्द नाही. तिला विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला, दुसऱ्या कुठल्यातरी काम करणाऱ्या बाईच्या मागं उभे रहा, मंडईत बऱ्याच सापडतील. हो म्हणाली तर मी वर सांगितलेलं सगळं, बजेटचं पुस्तक, मुकादमाबरोबर पहाटेची फेरी, वही, हे तिनं करायचं, तुम्ही त्या वेळी पोरांचे डबे भरायचे आणि फोन तिच्याच नावावर घ्यायचा. ती काय म्हणाली ते इथं लिहा, मग पुढचं बोलू. चला, येतो. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी, आमच्याकडं बायका पण येतोच म्हणतात.)